ना सोयर, तरी सुतक

देवळ्यात एखाद्या घरातलं माणूस गेलं, की रडण्याच्या जोडीनं एक हिशेबही सुरू होतो. भाऊबंदांना दहा दिवस. दिल्या घरच्या लेकीला तीन. मामा गेला तर भाच्याला किती आणि सासरा गेला तर जावयाला किती, यावर ओट्यावर टेकलेल्या दोन वडीलधाऱ्यांचं एकमत होतंच असं नाही. मग कुणीतरी गुरुजींना फोन लावतं. देवपूजा थांबते, ठरलेला साखरपुडा पुढे जातो, आणि दहाव्या दिवशी गिरणेच्या काठी पिंड मांडला की जमलेल्या सगळ्या गोताची नजर कावळ्याकडे लागते. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा यांची पहिली अक्षरं जोडून ज्याला कसमादे म्हणतात, त्या पट्ट्यात लग्न चुकलं तर माणसं एकवेळ समजून घेतात, दहावा चुकलेला विसरत नाहीत.

या हिशेबातूनच मराठीनं एक वाक्प्रचार घडवला. ज्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही तिचं आपल्याला 'सोयरसुतक' नाही, असं म्हणतात. जन्माचं सोयर, मरणाचं सुतक. दोन्ही नात्यानं येतात. नातं नाही तर दोन्ही नाहीत.

वाक्प्रचार चोख आहे, माणसाचं मन मात्र त्यात मावत नाही. ज्याच्या उंबऱ्यावर कधी पाऊल ठेवलं नाही, ज्यानं आपलं नावही कधी ऐकलं नाही, अशा माणसाच्या मरणानं घशाशी आवंढा येतो. तो माणूस खेळ शिकवणारा असेल, एखाद्या संघाला घडवणारा असेल, तर हा आवंढा हजारो, लाखो गळ्यांत एकाच वेळी येतो. हे सुतक कुठल्या पोथीत बसतं? की ते खरं दुःखच नाही, नुसतं उसनं हळहळणं आहे?

२ जानेवारी २०१९, बुधवार. नाशिक जिल्ह्यात त्या दिवसांत तोंडी विषय कांद्याचा होता. काही आठवड्यांपूर्वीच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना पाठवले होते. देवळ्याच्या शिवारात हे दिवस उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे. रोप उपटायचं, वाफे भरायचे आणि मजुरांच्या टोळ्या शोधायच्या. त्या संध्याकाळी मुंबईत रमाकांत विठ्ठल आचरेकर गेले.

आचरेकर सरांनी स्वतः खेळलेला प्रथम दर्जाचा सामना एकच. १९६३ साली मोईनुद्दौला स्पर्धेत, स्टेट बँकेकडून, हैदराबादविरुद्ध. बँकेत नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्क, असं त्यांचं आयुष्य. कामत मेमोरियल क्लबच्या नेटमध्ये त्यांनी जी मुलं उभी केली त्यांची नावं एका दमात घेता येत नाहीत: बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अमोल मुझुमदार, अजित आगरकर, रमेश पोवार. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री.

३ जानेवारीला त्यांचा देह शिवाजी पार्कवर आणला तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली पोरं दोन रांगा करून उभी होती आणि त्यांनी बॅटी उंचावून कमान धरली होती. 'आचरेकर सर अमर रहे' असा घोष चालू होता. तेंडुलकरांनी खांदा दिला. त्याच दिवशी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सुरू झाली आणि भारताचे खेळाडू दंडाला काळ्या फिती बांधून उतरले. त्या अकरांतला एकही जण सरांच्या घरचा नव्हता.

इथे शास्त्र काय म्हणतं ते बघायला हवं, कारण सुतकाचं गणित शास्त्रानंच मांडलेलं आहे. आणि बघायला गेलं तर आश्चर्य वाटतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आचार्य गेला तर शिष्याला तीन रात्रींचं अशौच सांगितलं आहे; गुरूचे अंत्यसंस्कार शिष्यानं केले तर ते दहा रात्रींचं होतं, म्हणजे पोटच्या मुलाइतकं. उलट दिशेनंही हिशेब आहे. शिष्य गेला तर गुरूला 'पक्षिणी', मामाच्या मरणाला असते तेवढी. एक रात्र आणि तिच्या दोन बाजूंचे दोन दिवस. पक्षी आणि त्याचे दोन पंख असावेत तशी ही मुदत. आणि ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजा गेला तर? त्याचंही सुतक आहे, दिवसाचा किंवा रात्रीचा उजेड असेतोवरचं. राजानं प्रजेतल्या प्रत्येकाचं तोंड पाहिलेलं नसतं. तरी प्रजेला सुतक आहे.

हे सांगताना महाराष्ट्रात एक गोष्ट वगळून चालणार नाही. याच ग्रंथाची प्रत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली, आणि ती का जाळली हे ज्यानं ग्रंथ वाचला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. सुतकाचे दिवससुद्धा त्यात वर्णाप्रमाणे कमी-जास्त आहेत. तेव्हा त्याला प्रमाण मानण्याचा इथे प्रश्नच नाही. तो इथे साक्षीदार म्हणून उभा आहे. माणसामाणसांत इतक्या भिंती घालणाऱ्या ग्रंथालाही मान्य करावं लागलं की मरणाचं दुःख रक्ताच्या भिंतीआड कोंडता येत नाही. ही साक्ष विरोधी पक्षाची आहे, म्हणून तिचं वजन जास्त.

लोकांच्या रोजच्या धर्मात तर ही मोकळीक याहून मोठी आहे. माघ शुद्ध अष्टमीला भीष्माचं तर्पण करतात. भीष्माला मूल नव्हतं, म्हणून ज्याला इच्छा होईल त्यानं त्याला पाणी द्यावं; ज्याचे वडील हयात आहेत त्यालाही इथे मज्जाव नाही. पितृपक्षातल्या महालयात आई-वडील, आजा-पणजा, मावश्या-आत्या अशी यादी संपत आली की शेवटी गुरू येतो, शिष्य येतो, आप्त-मित्र येतात. सर्वपित्री अमावास्येला देवळ्यातल्या घराघरांतून छपरावर ठेवलेल्या घासात, ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत त्यांचाही वाटा असतो. तर्पणाच्या मंत्रात बांधवांच्या बरोबरीनं जे बांधव नव्हेत त्यांनाही पाणी आहे. हे पाणी सोडणाऱ्यानं या शब्दांचा अर्थ एकदा थांबून मनात घेतला तर सोयरसुतकाचा वाक्प्रचार त्याला तोकडा वाटू लागेल.

पण खरी अडचण पुढेच आहे. वरचं सगळं शिष्याबद्दल झालं. बॅट उंचावून उभ्या राहिलेल्या पोरांबद्दल झालं. चाहत्याचं काय?

आचरेकरांची एक गोष्ट तेंडुलकरांनी स्वतः सांगितलेली आहे. शारदाश्रमच्या इंग्रजी आणि मराठी माध्यमांच्या संघांचा वानखेडेवर अंतिम सामना होता. सरांनी छोट्या सचिनसाठी दुसरीकडे सराव सामना ठरवला होता. तो चुकवून सचिन वानखेडेवर टाळ्या वाजवायला गेला. सरांनी विचारलं, पोरगं खोटं बोललं, आणि सरांचा हात उठला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला जायचं नाही, असं खेळ की लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला येतील, असा त्या चपराकीचा अर्थ होता.

म्हणजे ज्या माणसासाठी टाळ्या वाजवणारे लोक रडले, त्या माणसाला टाळ्या वाजवणं हे वेळ दवडणं वाटत होतं. निदान आपल्या शिष्याच्या बाबतीत तरी. मग देवळ्यात बसून टीव्हीवर सगळं आयुष्य टाळ्या वाजवण्यात घालवलेल्या माणसाचं आणि आचरेकरांचं नातं कोणतं? सरांनी त्याला काहीच शिकवलेलं नाही. त्यानं सरांना पाहिलेलं नाही.

महाभारत इथे एकलव्याकडे बोट दाखवतं. द्रोणानं त्याला शिकवायला नकार दिला, तेव्हा त्यानं मातीचा द्रोण केला आणि त्याच्यासमोर सराव केला. चाहत्याचा गुरू असा मातीचाच असतो. वर्तमानपत्रातल्या फोटोंचा, ऐकलेल्या किश्शांचा, सामन्यांच्या आठवणींचा. पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो. ज्याचा गुरू पहिल्यापासून मातीचाच होता, त्याचं द्रोणाच्या मरणानं काय जातं? कुरुक्षेत्रावर द्रोण पडला तेव्हा अर्जुन हादरला, खोटं बोलून मारलं म्हणून त्यानं धर्मराजाला बोल लावला. अर्जुनाचं खरंच काहीतरी गेलं होतं. मातीची मूर्ती तर जिथल्या तिथे असते. ती मरत नाही.

हा आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर द्यायचं तर जिथे हे दुःख सगळ्यात उघडपणे केलं जातं तिथे जायला हवं. फुटबॉलच्या गावात.

लिव्हरपूल हे तसं गाव. बिल शँकली हा स्कॉटलंडमधल्या ग्लेनबक या खाणीच्या खेड्यातला माणूस, स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला. डिसेंबर १९५९ मध्ये तो लिव्हरपूलचा व्यवस्थापक झाला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत खितपत होता. १९६२ साली तो वर आला, १९६४, १९६६ आणि १९७३ साली त्यानं लीग जिंकली. १९७४ च्या जुलैमध्ये शँकलीनं अचानक राजीनामा दिला. २९ सप्टेंबर १९८१ रोजी तो गेला. चारच दिवसांनी अॅनफिल्डवर सामना होता आणि समोर स्वान्सीचा संघ होता. त्यांचा व्यवस्थापक जॉन टोशॅक. त्याला लिव्हरपूलमध्ये आणणारा शँकलीच. शांतता पाळण्याच्या मिनिटाला टोशॅकनं अंगावरचं जॅकेट काढलं, तर आत लिव्हरपूलचा लाल शर्ट होता. समोरच्या संघाचा माणूस गुरूच्या सुतकात होता, आणि त्यानं ते लपवलं नाही. शँकलीची राख त्याच मैदानावर, जिथे सर्वांत गरीब आणि सर्वांत निष्ठावान प्रेक्षक उभे राहत त्या कॉप स्टँडच्या बाजूला, विखुरली गेली. रामकुंडात अस्थी सोडणाऱ्या नाशिककरांना हे समजायला जड जाऊ नये. जिथे माणसाचा जीव गुंतला होता तिथे त्याला पोचवायचं.

पण शँकलीच्या शोकाला एक काळी किनार होती. राजीनाम्यानंतर तो सवयीनं सराव मैदानावर जायचा. नव्या व्यवस्थापकाला ते अडचणीचं ठरू लागलं, आणि क्लबनं आपल्याला दूर ठेवलं ही सल त्यानं आत्मचरित्रात नोंदवली. त्याच्या मरणावर रडणाऱ्या गावाच्या रडण्यात ही टोचणीही मिसळलेली होती. आचरेकरांच्या वेळीही वेगळ्या रूपात हेच झालं. त्यांना शासकीय इतमाम मिळाला नाही, यावरून गदारोळ उठला, आणि सरकारी पातळीवर चूक झाल्याचं मंत्र्यांनाही मान्य करावं लागलं. पद्मश्री मिळालेल्या माणसाला बंदुकांची सलामी द्यावी की नाही हा नियमाचा भाग. पण लोक चिडले ते नियमासाठी नाही. देणं लागत होतो आणि द्यायचं राहिलं, ही ती चीड होती.

एकलव्याच्या कोड्याचं उत्तर याच शब्दाजवळ आहे. देणं. ऋण.

वैदिक परंपरेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो: देवांचं, पितरांचं आणि ऋषींचं. यज्ञानं देवांचं फिटतं, संततीनं पितरांचं, अध्ययनानं ऋषींचं. यातलं तिसरं ऋण विलक्षण आहे, कारण ज्या ऋषींचं देणं लागतो त्यांना कुणीच पाहिलेलं नसतं. गुरुपरंपरेच्या वंदनातही गुरूनंतर परमगुरू येतो, म्हणजे गुरूचा गुरू, आणि त्याच्याही मागे आणखी. न पाहिलेल्याला नमस्कार करण्याची सवय या मातीला फार जुनी आहे. देवळ्याच्या मैदानावर टेनिस बॉलनं खेळणारं पोरगं सरळ बॅटनं चेंडू गोलंदाजाच्या शेजारून सीमेपार धाडतं, तेव्हा ते तेंडुलकरांना पाहून शिकलेलं असतं, आणि तेंडुलकर शिवाजी पार्कवर शिकलेले असतात. ज्यानं कधी बॅट धरली नाही असा माणूससुद्धा चांगला फटका कोणता आणि नुसता दांडपट्टा कोणता, हे ओळखायला शिकतो. डोळा घडतो. आचरेकरांनी तो डोळा थेट घडवला नाही; पण त्यांच्या हातून निघालेल्या धाग्याचं ते एक टोक आहे.

मग मरणानं काय जातं? जातो तो पत्ता. ज्याचं देणं लागतो तो जिवंत आहे तोवर, कधी भेटलो नाही तरी, आभार मानायला जागा असते. पोस्टकार्ड टाकता आलं असतं. मुंबईला गेलो होतो तेव्हा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर क्षणभर थांबता आलं असतं, शेवटच्या वर्षांत चाकांच्या खुर्चीत बसून येणारा तो म्हातारा कदाचित लांबून दिसलाही असता. मातीच्या मूर्तीमागे खरा द्रोण कुठेतरी श्वास घेत असतो, आणि एक दिवस तो वळून बघेल ही शक्यता मूर्तीला जिवंत ठेवते. तो गेला की मूर्ती राहते, शक्यता मरते. हे उसनं दुःख नाही. हे न फिटलेल्या देण्याचं दुःख आहे, आणि मुलाच्या मनात बापाच्या मरणानं जे उठतं त्यातला मोठा वाटाही नेमका हाच असतो.

स्वेन-योरान एरिक्सन या स्वीडिश प्रशिक्षकाची गोष्ट यासाठीच मनातून जात नाही. इंग्लंडच्या संघाचा तो पहिला परदेशी व्यवस्थापक, २००१ ते २००६. लहानपणापासून लिव्हरपूलचा चाहता, वडिलांसारखाच. तो क्लब मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यानं सांगितलं की कर्करोग आहे आणि हातात फार तर वर्ष आहे. लिव्हरपूलनं त्याला बोलावलं. २३ मार्च २०२४ रोजी माजी खेळाडूंच्या सामन्यात तो अॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या बाकावर बसला, सगळं मैदान गायलं, आणि त्याचे डोळे भरून आले. ज्या क्लबांना त्यानं घडवलं होतं तेही त्याला बोलावत राहिले. २६ ऑगस्टला तो गेला.

आपल्याकडे संन्यास घेणारा माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो, म्हणजे जगाशी असलेला धागा जिवंतपणीच तोडतो. एरिक्सनच्या बाबतीत उलटं घडलं. त्याचं श्राद्ध लोकांनी त्याच्या डोळ्यांदेखत केलं आणि धागा आणखी घट्ट केला. पत्ता चालू असताना पत्र पोचलं. फार थोड्यांच्या नशिबी हे येतं.

यावर ज्ञानी माणूस म्हणेल की हा सगळा मोहच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो ते हेच, की पंडित मेलेल्यांसाठीही शोक करत नाहीत आणि जिवंतांसाठीही नाही. घरच्या माणसाचा मोह सुटत नाही हे एकवेळ समजू शकतं. जो आपला कुणीच नाही त्याच्यासाठी रडणं म्हणजे मोहाचा कळस. हा विचार खोटा आहे असं म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. पण ज्यांनी तो विचार जगून दाखवला ते मरणाच्या दाराशी कसे वागले, तेही पाहावं.

१२९० साली नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांनी सहा वर्षांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांत सर्वांत जास्त व्याकूळ झालेला दिसतो तो निवृत्तिनाथ. तो ज्ञानेश्वरांचा थोरला भाऊ खरा, पण त्याआधी त्यांचा गुरू. ज्याच्या शिकवणुकीतून ज्ञानेश्वरी आली, ज्याला आत्मा मरत नाही हे सांगायची गरज नव्हती, तो शिष्याला हाताला धरून समाधीत बसवतो आणि बाहेर येऊन कोसळतो. शास्त्रानं गुरूला शिष्याचं पक्षिणीचं सुतक दिलं होतं. निवृत्तिनाथाचं सुतक त्यानं स्वतः समाधी घेईपर्यंत सरलं नाही. ती समाधी नाशिक जिल्ह्यातच आहे, त्र्यंबकेश्वरी. पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते आणि जिल्ह्याच्या गावागावांतून, कसमादेतूनही, दिंड्या पायी निघतात. २०१९ साली ती एकादशी ३१ जानेवारीला होती, आचरेकरांना जाऊन महिना व्हायला दोन दिवस कमी असताना. कांद्याच्या वाफ्यांतून वाट काढत त्र्यंबकला चाललेल्या वारकऱ्याला कुणी विचारत नाही, की सातशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा तू कोण लागतोस.

बुद्धाच्या बाबतीतही पाली ग्रंथांनी असाच प्रसंग जपून ठेवला आहे. कुशीनगरला बुद्ध अखेरच्या शय्येवर होते, आणि पंचवीस वर्षं त्यांची सेवा केलेला शिष्य आनंद आत जाऊन दाराच्या चौकटीला टेकून रडत होता. सगळं अनित्य आहे हे त्यानं बुद्धांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं, अनित्यतेची आठवण दिली आणि मग त्याच्या सेवेचं तोंड भरून कौतुक केलं. रडलास म्हणून त्याला हाकललं नाही.

शिवाजी पार्कपासून समुद्राकडे चालत गेलं की चैत्यभूमी लागते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेब गेले आणि दुसऱ्या दिवशी दादरला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसं तिथे येतात, आणि जिथे आचरेकरांची नेटं लागत त्याच शिवाजी पार्कवर रात्री मुक्काम करतात. खेळाच्या शोकाची या शोकाशी तुलना करू नये. एकात माणूसपण परत मिळाल्याचं ऋण आहे, दुसऱ्यात आनंदाचं. पण रक्ताचं नातं नसताना बाप म्हणणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला या गर्दीनं शिकवलं. आणि स्वतः बाबासाहेबांनी ज्यांना आपले तीन गुरू म्हटलं, ते बुद्ध, कबीर आणि फुले. तिघांपैकी एकाचीही भेट त्यांना शक्य नव्हती. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले, बाबासाहेब पुढच्या एप्रिलमध्ये जन्मले. मधे पाच महिन्यांचंही अंतर नाही. न भेटलेल्या गुरूचं नातं कमी दर्जाचं असतं असं म्हणणाऱ्यानं या तारखांपाशी थोडं थांबावं.

सगळ्याच गुरूंना असं सुतक मिळत नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शिक्षक. त्यांच्या हाताखाली भारताच्या फुटबॉल संघानं १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्तात आशियाई सुवर्ण जिंकलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा गोवेकर. जाकार्ताच्या वेळी कर्करोगानं रहीम साहेबांना घेरलं होतं. ११ जून १९६३ रोजी ते गेले. आशियाई सुवर्ण त्यानंतर भारतीय फुटबॉलला पुन्हा मिळालेलं नाही. तरी २०२४ साली त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट येईपर्यंत महाराष्ट्रातल्या किती घरांत हे नाव ठाऊक होतं? भीष्माला निदान अष्टमी आहे. अशा माणसांसाठी तिथी कुठली?

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कच्या पाचव्या प्रवेशद्वाराजवळ आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तेंडुलकर होते, आणि खुर्चीत बसलेले, प्रकृती ढासळलेले विनोद कांबळी होते. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये या दोघांनी ६६४ धावांची भागीदारी केली होती. डाव सोडा हा सरांचा निरोप त्यांनी कानांआड केला होता. छत्तीस वर्षांनी मंचावर तेंडुलकर कांबळींजवळ गेले, कांबळींनी हात धरला आणि तो सोडवेना. हे चित्रीकरण देशभर फिरलं. एकाच गुरूचे दोन शिष्य. देणं दोघांचं सारखंच, फेडण्याचं बळ मात्र सारखं उरलेलं नाही. पाहणाऱ्यांचे डोळे भरले ते कदाचित सरांसाठी, कदाचित कांबळींसाठी, कदाचित स्वतःच्या घरातल्या कुणासाठी. सांत्वनाला गेलेली माणसंही अशीच वेगवेगळ्या मरणांसाठी एकत्र रडतात.

सरांची एक रीत प्रसिद्ध आहे. संध्याकाळच्या सरावात ते मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. शेवटपर्यंत बाद न झाल्यास ते सचिनचं, नाहीतर ज्या गोलंदाजानं बाद केलं त्याचं. तेंडुलकरांकडे अशी तेरा नाणी आहेत आणि आपल्या सगळ्या बक्षिसांत ती आपल्याला मोलाची वाटतात, असं त्यांनी सांगितलं आहे. बाकीची नाणी त्या संध्याकाळच्या गोलंदाजांनी नेली. सचिनला बाद केलेल्या त्या पोरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यातल्या एखाद्यानं ते नाणं त्याच दिवशी वडापावावर खर्च केलं असेल. एखाद्यानं ठेवलं असेल, कपाटातल्या डब्यात, जुन्या घड्याळाशेजारी, आणि २ जानेवारीच्या रात्री बातमी ऐकून तो डबा उघडला असेल.